घेतलेली ओटी

डिसेंबर सरत आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी एक फोटो टाकतं. तळहातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, बाजूला शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. खाली एकच प्रश्न, 'यंदा कधी?' मग अंगठे येतात, हसरे चेहरे येतात, कोणाच्या शेतावर जायचं याची चर्चा रंगते, आणि शेवटी कोणाला तरी माझी आठवण होते. "अलका मॅडम, या वर्षी तरी येणार ना?" मी दरवर्षी काहीतरी लिहून मोकळी होते. गुडघे दुखतात, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, घरी पाहुणे आहेत. खरं कारण कधी लिहिलं नाही. हुरड्याच्या एका हंगामात माझ्यामुळे एका बाईचं माहेर तुटलं, हे ग्रुपवर लिहिण्यासारखं कारण नव्हे.

माझ्या नवऱ्याला यातलं अर्धं ठाऊक आहे. ज्या अर्ध्यात मी फसवली गेले, तेवढंच. मैत्रिणींनाही तेवढंच. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे पुढे काय झालं असं कोणी खोदून विचारलं नाही. गप्प राहणाऱ्या बाईने फार सोसलं असेल असं लोक आपलं आपणच धरून चालतात. मीही त्यांना तसं धरून चालू दिलं.

आमचं ऑफिस तेव्हाही सात रस्त्यालाच होतं, तिसऱ्या मजल्यावर. विम्याचं काम. माझं टेबल खिडकीशी, आणि खाली दिवसभर हॉर्न. सोलापूरची थंडी ती काय! पहाटे चादर अंगावर ओढायची आणि दुपारी पंखा लावायचा. पण त्या थोड्याशा गारव्यातही माणसं मऊ होतात. चहा जास्त होतो, बोलणी लांबतात. त्या मऊपणातच सुहासचं आणि माझं जमलं होतं, आणि कितीतरी हिवाळे टिकलं होतं. तो माझ्याहून वरच्या हुद्द्यावर. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाचं विचारलं की तो म्हणायचा, "घरचं जरा निस्तरू दे." मी वाट बघत राहिले.

एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि तो पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आत आला. पुण्याची मुलगी, साखरपुडा झाला, माघात लग्न. प्रत्येक टेबलापाशी थांबून तेच वाक्य, त्याच हसऱ्या आवाजात. माझ्या टेबलाशी आला तेव्हा ऑफिस इतकं शांत झालं की खालचा कंडक्टर ओरडताना ऐकू आला. "घे ना, अलका," तो म्हणाला.

मी पेढा घेतला आणि खाल्ला. वर "अभिनंदन" म्हटलं. आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की तो पेढा मी नीट चावून गिळला.

त्यानंतरचे दिवस किवेचे. आमच्या लोखंडे काकू रोज डब्यातून माझ्यासाठी काहीतरी वेगळं आणायच्या. मी पाणी प्यायला उठले तरी माना वळायच्या. बाथरूममध्ये जरा वेळ लागला तर बाहेरून हाक, "बरी आहेस ना गं?" सुहास मात्र निवांत होता. फाइल देताना मध्येच माझ्या तोंडाकडे निरखून बघायचा, दूध उतू जातंय का बघावं तसं. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे लागला.

अशात एक दिवस बिरदेव खाली चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरचा धनगराचा मुलगा. घरी मेंढरं, थोडी काळी जमीन, त्यात ज्वारी. आमच्याकडे तात्पुरत्या नेमणुकीवर गावोगाव फिरायचा. ऑफिसात शुद्ध बोलायचा, पण चहा गरम असला की गावची भाषा निसटायची.

"मॅडम, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला."

"लोकं तुमच्याकडं बघत्यात, ते मला बघवत न्हाय. आपलं जमलंय म्हणायचं का? नुसतं म्हणायला."

मी कप खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझाबी फायदा हाय त्यात," तो घाईघाईने म्हणाला. नातेपुत्याला त्याचे मामा. मामाची मुलगी बिरदेवच्या घरात द्यायची असं ती पाळण्यात असतानाच बहीणभावात ठरलेलं. आता ती कॉलेजात होती, तिला शिकायचं होतं, आणि त्याला तिच्याकडे बघितलं की लहानपणी कडेवर घेतलेली पोर आठवायची. आईला नाही म्हणायची त्याची छाती होत नव्हती. "ऑफिसात एक हाय म्हटलं, तर आई थोडं थांबंल. मग बघू."

मला हसू आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

असं आमचं नाटक सुरू झालं. आम्ही दोघंही त्यात इतके कच्चे होतो की आता आठवलं तरी हसू येतं. डबा एकत्र खायचा ठरला, पण बोलायचं काय? मग तो मेंढरांना कुठली लस कधी द्यायची ते सांगायचा, आणि मी मान डोलवत ऐकायची. लांबून ते फार गोड दिसत असावं. लोखंडे काकूंनी एकदा विचारलंच, "काय गं, एवढं काय बोलत असता तासन् तास?" मेंढ्यांच्या खुरांना होणाऱ्या रोगाबद्दल, असं मी त्यांना कसं सांगणार? तो मला मॅडमच म्हणायचा. "अहो बिरदेव, अजून मॅडमच?" असं कोणी छेडलं की लाल व्हायचा. "सवय लागलीय की," एवढंच म्हणायचा.

संक्रांतीला सगळं ऑफिस गड्ड्याच्या जत्रेला गेलं. धुरळा, भज्यांचा वास, पिपाण्यांचा गलका. मोठ्या पाळण्यात आम्हा दोघांना मुद्दाम एकत्र बसवलं. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा खाली अख्खं सोलापूर दिव्यांचं दिसत होतं आणि बिरदेव डोळे गच्च मिटून बसला होता. "मेंढरं राखणारा माणूस तुम्ही, आणि घाबरता?" म्हटलं. डोळे न उघडता तो म्हणाला, "मेंढरं जमिनीवर असत्यात, मॅडम." मी इतकी हसले की पुढच्या पाळण्यातल्या बाईने वळून बघितलं. त्या क्षणी सुहासचा विचार माझ्या मनात नव्हता. नाटकाचाही नव्हता. वर गार वारा होता आणि माझं हसू थांबत नव्हतं.

फसवणुकीबद्दल मला पुढे एक गोष्ट कळली. फसवणूक पुढच्या दिवसांना तितकी त्रास देत नाही, जितकी मागच्यांना देते. पुढचे दिवस माणूस कसेही ढकलतो. पण मागचे, जे सुखाचे म्हणून जपून ठेवलेले असतात, ते एकेक करून बाहेर काढावे लागतात आणि उजेडात धरून बघावे लागतात. हा खरा होता का? आणि हा? सुहासबाबत ते करून मी थकले होते. ते पुन्हा करावं लागेल, आणि त्या पाळण्यातल्या हसण्याचंसुद्धा करावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

जत्रेनंतर ज्वारी हुरड्याला आली. बिरदेवच्या आईचा निरोप आला, सगळ्या ऑफिसला घेऊन ये. एका रविवारी आम्ही गेलो. सुहासही आला होता, खांद्यावर स्वेटर टाकून.

ते शेत अजून डोळ्यांपुढे आहे. काळी, भेगाळलेली जमीन आणि त्यावर डोक्याच्याही वर गेलेली ज्वारी. झाडाखाली आगटी पेटलेली, म्हणजे छोटा खड्डा आणि त्यात गोवऱ्यांचा विस्तव. निखाऱ्यात कणसं खुपसायची, काळपट झाली की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. हात पोळतात, कणसाची बारीक कूस नाकात जाते, शिंका येतात, आणि मग ते मऊ, दुधाळ दाणे. बिरदेवची आई सगळ्यांच्या पुढ्यात मूठ मूठ टाकत फिरत होती. काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. "खावा की! शहरात काय मिळतंय तुमास्नी? सायेब, लाजताय व्हय?" हे सुहासला. माझ्यापुढे मात्र तिने दोन मुठी टाकल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

ती ओटीचं ताट करायला घरात गेली तेव्हा बिरदेव माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. हातात कणीस होतं, पण चोळत नव्हता.

"मॅडम, आई ओटी भरणार हाय तुमची. आमच्यात घोंगडीवर बसवून ओटी भरली म्हणजे सून केली. अख्खी वस्ती बोलावलीय तिनं. घेऊ नका. मी तिला आत्ताच सगळं सांगतो."

"एवढ्यात कशाला? ठरलंय ना आपलं, थोडे दिवस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तुमाला अजून एक सांगायचं हाय. हे नाटक मला सुहास सरांनी करायला सांगितलं हुतं. तुम्ही त्यांच्या सासरी जाऊन काही बोलाल म्हणून त्यास्नी भ्या हुतं. लग्न होईस्तोवर तिला जरा गुंतवून ठेव म्हणाले, तुझं कायम व्हायचं मी बघतो."

मी पुढ्यातले दाणे बाजूला सारले. 

"मामाच्या मुलीचं?"

"ते खरं हाय. आईची शपथ. आन् सुरवातीचं त्यांच्यासाठी हुतं, पण नंतरचं न्हाय. नंतरचं माझं हुतं."

नंतरचं माझं होतं. त्या वाक्याचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा मी ते सरळ खोट्यात टाकलं. पलीकडे सुहास दात टोकरत आमच्याकडे बघून हसत होता, आणि ते हसणं मला आता आरपार कळत होतं. पेढा देणारा हात आणि डबा वाटून खाणारा हात एकच निघाला होता. मी जिथे हसले, जिथे विसावले, ती सगळी त्याने आखून दिलेली जागा होती.

बिरदेवची आई ताट घेऊन आली. मागे वस्तीवरच्या बायका. कोणीतरी काळी घोंगडी अंथरली, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची. "ये गं," ती म्हणाली.

बिरदेव उठला. "आई, जरा थांब..."

मी त्याच्या पुढून गेले आणि घोंगडीवर बसले. पदर पसरला.

आतापर्यंत कोणालाच सांगितलं नाही ते हेच. मला सगळं कळलं होतं, आणि कळूनच मी पदर पसरला. त्या दोघा पुरुषांना वाटत होतं की मी त्यांच्या हातातली बाहुली आहे. मला त्यांना घाम फुटलेला बघायचा होता. सुहासचं हसू थांबलं, बिरदेवचा चेहरा राखेसारखा झाला, आणि मला बरं वाटलं. खण, नारळ, ज्वारीची ताजी कणसं माझ्या पदरात पडत होती. देणाऱ्या हातांकडे माझं लक्षही नव्हतं.

बिरदेवच्या आईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्याच नातेपुत्याला जाती. दादाला सांगती, पोरीला दुसरं ठिकाण बघ. माझी सून मला गावली."

कोणीतरी बाई म्हणाली, "भाऊ रागावला तर गं? एवढ्या वर्सांचा शबुद हाय."

"रागवंल. पर ओटी काय परत काढून घ्यायची आस्ती व्हय?"

हेही मी ऐकलं. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी पदरातली कणसं सावरत बसले.

ती खरोखरच गेली; ओटी भरल्यावर तिला खरं सांगायची बिरदेवची छाती झाली नसावी. भावाने तिला दारातूनच परत पाठवलं, हा उंबरा पुन्हा चढू नकोस म्हणाला. हे मला ऑफिसातच कळलं. बिरदेवने माझ्याशी बोलणं सोडलं होतं, लोखंडे काकूंनी सांगितलं. आणि मग एका दुपारी बिरदेवची आई स्वतःच सात रस्त्याला आली, माझ्या वडिलांना भेटायला कधी येऊ ते विचारायला. चपला हातात घेऊन तीन जिने चढली होती, फरशी खराब होईल म्हणून.

मी तिला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "मावशी, तुमच्या मुलाने मला फसवलं. साहेबाने सांगितलं म्हणून त्याने हे नाटक केलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. वरच्या पायरीवर बिरदेव उभा होता. त्याने ऐकलं.  खाली उतरला, आईच्या हातातल्या चपला घेतल्या, तिच्या पायाशी ठेवल्या आणि तिला घेऊन गेला. त्या महिन्यातच नोकरी सोडून पुण्याला गेल्याचं कळलं. सुहासचं लग्न थाटात झालं, पुढे त्याची बदली झाली. मी तिथेच राहिले. कीव परत आली, पण या वेळी तिचा त्रास झाला नाही. या वेळी मी ती मागून घेतली होती.

यंदा मी ग्रुपवर 'येते' असं लिहिलं. का, ते नीट सांगता येणार नाही. वय झालं असेल. किंवा माझी मुलगी मध्यंतरी कोणावर तरी चिडून म्हणाली, "आई, तुझ्यासारखं गप्प बसून सोसणं मला नाही जमणार," त्याचा परिणाम असेल. हुरडा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. रस्त्यावर पाट्या, माणशी दर, टेकायला बाजा, फोटो काढायला रंगवलेली बैलगाडी. ऑफिसातल्या पोरांनी निवडलेलं शेत मंगळवेढ्याच्या रस्त्यावरचंच होतं. आगटीवरच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, "म्हातारी हाय की. त्या पलीकडच्या वस्तीवर. एकलीच असती."

मी चालत गेले. ती दारात उन्हाला बसून लोकर पिंजत होती. खूप वाळली होती. आवाज तेवढा तोच.

"कोन गं?"

"मी अलका. सोलापूरच्या ऑफिसातली."

तिने डोळ्यांवर हाताची झापड करून बराच वेळ बघितलं. "व्हय," म्हणाली. "बस की." मग उठून पाण्याचा तांब्या आणला. पोरंबाळं किती विचारलं. एक मुलगी म्हटल्यावर "ब्येस झालं" म्हणाली. मी भावाचं विचारलं.

"दादा गेला की मागल्या उन्हाळ्यात. मला कुनी सांगितलं न्हाय. मला कळलं तवर समदं उरकलं हुतं." हे ती लोकरीतली काडी वेचत म्हणाली. "भावजयीनं दारात बी घेतलं न्हाय."

मी वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरले. "मावशी," म्हटलं, "त्या दिवशी ओटी घेताना मला सगळं ठाऊक होतं. बिरदेवने मला आधीच सांगितलं होतं. घेऊ नका म्हणाला होता. मी त्याच्यावर आणि साहेबावर सूड म्हणून घेतली. आणि जिन्यात मी तुमच्याशी खोटं बोलले."

तिचे हात थांबले.

"आदी सांगितलं हुतं?"

"हो. तुम्ही ताट घेऊन यायच्या आधी."

ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. "त्यो हेच म्हनत हुता गं," ती हळू म्हणाली. "तुमच्या हापिसातनं माघारी येताना, यष्टीत. माज्या शेजारी बसून. आई, तिला ठावं हुतं, मी तिला सांगितलं हुतं. मी म्हनलं, सोताचं झाकाया पोरीच्या जातीवर ढकलतूस व्हय रं? बाईमानूस ओटीपायी खोटं कशाला बोलंल? भरल्या यष्टीत मुस्काडीत मारली त्याच्या. एवढा बाप्या झालेला लेक."

मला वाटलं होतं, मी एक माहेर तोडलं. एवढाच हिशेब मी इतकी वर्षं वाहिला होता.

"तवापास्नं यितो, न्हाय आसं न्हाय," ती म्हणाली. "जत्रंला यितो. पैकं धाडतो. भायेर बाजंवर बसतो, जेवतो, जातो. पर आई म्हनून हाक मारली न्हाय मला त्यानं. मी बी म्हनलं, खोटाडा तर खोटाडा. नगं मारूस."

"मी बोलते त्याच्याशी," मी म्हटलं. "नंबर द्या, मी सगळं..."

"तू?" तिचा आवाज एकदम शेताच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा झाला. "तू कशाला बोलतीस? तवा काय कमी बोललीस?"

तिने कमरेच्या पिशवीतून छोटा फोन काढला. बटण बरोबर सापडलं. पलीकडे उचलला गेला असावा.

"बिरू... न्हाय, बरी हाय मी. न्हाय रं, पैकं हायती. ऐक की." मग माझ्याकडे न बघता तिने हात हलवला, जा म्हणून. मी उठले. चपला पायात घालायला वाकले तेव्हा मागून ऐकू आलं, "यष्टीत तू बोलला हुतास ते खरं हुतं रं, लेकरा."

 मी बांधापर्यंत जाऊन एकदा मागे बघितलं. ती फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी होती आणि ऐकत होती. पलीकडून तो बोलत होता, की तो सुद्धा गप्पच होता, ते तिथून कळत नव्हतं.